सी-शंका : एका बिटला हात लावताना शेजारच्यांचे काय होते?

या वेळी आलेले बरेच प्रश्न फ्लॅगांभोवती, म्हणजे एकेका बिटात ठेवलेल्या हो-नाहीभोवती, फिरणारे आहेत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. एका पूर्णांकात बत्तीस हो-नाही ठेवता येतात ही सोय मोठी आहे. मात्र सी भाषेला एकट्या बिटचा पत्ता नसतो. एक बिट बदलायचा म्हणजे अख्खा बाइट किंवा अख्खा शब्द वाचायचा, त्यात फेरफार करायचा आणि सगळाच्या सगळा परत लिहायचा. खालचे बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात.

छपाईबद्दल एक सूचना: कोड देवनागरीत दिला आहे. टाइप करताना की-वर्ड, आकडे आणि लायब्ररीतली नावे रोमन लिपीत लिहावीत. ‘१यू’ म्हणजे एकच्या मागे यू हे अक्षर, आणि ‘०एक्स’ ही हेक्स (सोळा-आधारी) आकड्याची सुरुवात. & दोन्हींत १ असलेलेच बिट ठेवतो, | कुठेही १ असलेले, ^ वेगळे असलेले; ~ सगळे बिट उलटवतो, << डावीकडे सरकवतो.

शेतीपंपाचा ऑटो-स्टार्टर तयार करतोय. आर, वाय, बी या तीन फेजचे तीन फ्लॅग आहेत. तिन्ही फेज असतील तरच मोटर सुरू करायची, म्हणून ‘इफ (स्थिती & तीन_फेज)’ लिहिले. चाचणीत एक फेज काढली तरी रिले ओढतो. सेन्सर तपासले, ते बरोबर आहेत. — तासगाव

सेन्सर बरोबर आहेत, अट चुकली आहे. तुमची मांडणी अशी असणार:

#डिफाइन फेज_आर    (१यू << ०)
#डिफाइन फेज_वाय   (१यू << १)
#डिफाइन फेज_बी    (१यू << २)
#डिफाइन पाणी_आहे  (१यू << ३)
#डिफाइन ओव्हरलोड  (१यू << ४)
#डिफाइन ऑटो       (१यू << ५)
#डिफाइन तीन_फेज   (फेज_आर | फेज_वाय | फेज_बी)

समजा बी फेज गेली आहे, आर, वाय आणि पाणी आहे. मग स्थिती १ + २ + ८ म्हणजे ११, बिटांत ००१०११. तीन_फेज हा मास्क (हवे ते बिट निवडणारा आकडा) ०००१११. दोघांचे & केल्यावर ००००११ उरते, म्हणजे ३. ‘इफ’ला शून्य सोडून काहीही चालते, त्यामुळे ३ आले तरी अट खरी. तुम्ही प्रत्यक्षात विचारलेत ते ‘तिन्हींपैकी एखादी तरी फेज आहे का?’ सगळ्या आहेत का, हे विचारायचे तर उत्तराची मास्कशीच तुलना करावी लागते:

इफ ((स्थिती & तीन_फेज) == तीन_फेज)

‘एखादा तरी’ हवा असेल तिथे ‘!= ०’ आणि ‘सगळे’ हवे असतील तिथे ‘== मास्क’. मास्कमध्ये एकच बिट असेल तर दोन्हींचे उत्तर एकच येते. त्यामुळे ही चूक सुरुवातीच्या चाचण्यांत लपून राहते आणि पहिला अनेक बिटांचा मास्क आला की वर येते.

याच पद्धतीने ‘हे असावेत आणि ते नसावेत’ असेही एका तुलनेत विचारता येते. तुमच्या मोटरची पूर्ण अट अशी:

#डिफाइन तपासायचे (तीन_फेज | पाणी_आहे | ओव्हरलोड)
#डिफाइन अपेक्षित (तीन_फेज | पाणी_आहे)
इफ ((स्थिती & तपासायचे) == अपेक्षित)

ओव्हरलोड तपासायच्या बिटांत आहे पण अपेक्षित बिटांत नाही, म्हणजे तो बंदच असला पाहिजे. ऑटोचा बिट दोन्हीकडे नाही, म्हणून तो काहीही असला तरी फरक पडत नाही. चार वेगवेगळ्या अटी && ने जोडण्यापेक्षा ही रचना वाचायला सोपी आहे, आणि नवी अट घालताना दोनच ओळी बदलाव्या लागतात.

‘== १’ अशी तुलना मात्र कधी करू नका. (स्थिती & पाणी_आहे) चे उत्तर ० किंवा ८ येते, १ कधीच येत नाही. तसेच फ्लॅग तपासणारे फंक्शन आठ बिटांचा प्रकार परत देत असेल तर नवव्या क्रमांकाच्या बिटची किंमत ५१२ त्यात मावत नाही, ती कापली जाऊन ० होते. फंक्शनचा परतीचा प्रकार ‘बूल’ ठेवा. त्यात शून्याखेरीज कोणतीही किंमत १ होऊनच जाते.

प्रोग्रामबाहेरची एक गोष्ट, पण महत्त्वाची. चालू मोटरची एक फेज गेली तर त्या टर्मिनलवर मोटर स्वतःच काही व्होल्टेज उभे करते, आणि फक्त व्होल्टेज पाहणारा सेन्सर ‘फेज आहे’ असे सांगू शकतो. तेव्हा कोड कितीही नेटका झाला तरी ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर पॅनेलमधून काढू नका.

‘इफ (स्थिती & पाणी_आहे == ०)’ ही अट कधीच खरी होत नाही, टाकी कोरडी असली तरी. कंपाइलर चूक दाखवत नाही. — नांदेड, अभियांत्रिकी द्वितीय वर्ष

सीमध्ये == हा & पेक्षा आधी सोडवला जातो. त्यामुळे कंपाइलर ही अट ‘स्थिती & (पाणी_आहे == ०)’ अशी वाचतो. पाणी_आहे म्हणजे ८, तो शून्याबरोबर नाही, म्हणून कंसाचे उत्तर ०, आणि कशाशीही & केले तरी ०. कंस घाला: ‘(स्थिती & पाणी_आहे) == ०’.

हा क्रम उलटा वाटतो, कारण तो जुन्या काळातून आला आहे. सीच्या आधीच्या बी भाषेत आणि अगदी सुरुवातीच्या सीमध्ये && आणि || नव्हते, अटी जोडायलाही & आणि | च वापरत. अटी जोडायच्या म्हणजे तुलना आधी व्हायला हवी, म्हणून & खाली ठेवला होता. पुढे && वेगळा निघाला, पण तोवर लिहिलेला कोड मोडू नये म्हणून & ची जागा हलवली नाही. ती हलवली असती तर बरे झाले असते, असे डेनिस रिची यांनीच नंतर लिहिले आहे.

कंपाइलर चूक दाखवत नाही, पण विचारले तर इशारा देतो. जीसीसीला ‘-डब्ल्यूऑल’ हा पर्याय द्या, या ओळीवर कंस सुचवणारा इशारा लगेच येईल. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हा पर्याय न देता कंपाइल करायची सवय लागते, ती आत्ताच सोडा.

कंसांचा दुसरा बळी म्हणजे मॅक्रो. तीन_फेजच्या व्याख्येतला बाहेरचा कंस विसरलात, तर ‘स्थिती & तीन_फेज’ चे ‘(स्थिती & फेज_आर) | फेज_वाय | फेज_बी’ होते, आणि ते नेहमीच खरे. ‘स्थिती &= ~तीन_फेज’ लिहिले तर ~ फक्त फेज_आरला लागतो, मग वाय आणि बी | ने परत येतात. परिणाम असा की तिन्ही बिट पुसायचे होते, एकटा आर पुसला जातो.

लिनक्सवर एका फाइल डिस्क्रिप्टरला ओ_नॉनब्लॉक लावणारे छोटे फंक्शन लिहिले आणि ते सगळ्या डिस्क्रिप्टरांना लावले. तेव्हापासून दोन प्रोग्राम लिहीत असलेल्या लॉग फाइलमधल्या ओळी एकमेकींवर लिहिल्या जातात. लॉग तर ओ_अपेंडने उघडला आहे. — पुणे

ओ_नॉनब्लॉक म्हणजे वाचता-लिहिताना न थांबणे, ओ_अपेंड म्हणजे नेहमी फाइलच्या शेवटी लिहिणे. फंक्शनमध्ये बहुधा ‘एफसीएनटीएल(एफडी, एफ_सेटएफएल, ओ_नॉनब्लॉक)’ अशी एकच ओळ असावी. एफ_सेटएफएल म्हणजे ‘हा एक फ्लॅग वाढव’ असे नव्हे. जे द्याल तेच नवे संपूर्ण चित्र. त्यात ओ_अपेंड नव्हता, म्हणून तो गेला. मग प्रत्येक प्रोग्राम आपापल्या जागेपासून लिहू लागला. आधी वाचा, मग मिळवा, मग लिहा:

जुने = एफसीएनटीएल(एफडी, एफ_गेटएफएल);
इफ (जुने == -१) रिटर्न -१;
एफसीएनटीएल(एफडी, एफ_सेटएफएल, जुने | ओ_नॉनब्लॉक);

मधली ओळ गाळू नका. -१ मध्ये सगळे बिट १ असतात. वाचन फसले आणि तेच पुढे | केले, तर कर्नलकडे सगळे फ्लॅग चालू करून मागितल्यासारखे होते. काढायचे असेल तेव्हा ‘जुने & ~ओ_नॉनब्लॉक’. टर्मिनलचा एको बंद करतानाही हाच क्रम असतो: टीसीगेटएटीटीआरने वाचायचे, सी_एलफ्लॅगमधून ~ ने काढायचे, टीसीसेटएटीटीआरने लिहायचे, आणि प्रोग्राम संपताना मूळ किंमत परत ठेवायची.

या फ्लॅगांमध्ये आणखी दोन सापळे आहेत. ओ_आरडीओन्लीची किंमत लिनक्सवर ० आहे, राइटओन्लीची १ आणि आरडीडब्ल्यूआरची २. म्हणजे हे तीन वेगळे बिट नाहीत, दोन बिटांत बसवलेला एक आकडा आहे. ‘जुने & ओ_आरडीओन्ली’ कधीच खरे होणार नाही. ‘(जुने & ओ_एसीसीमोड) == ओ_आरडीओन्ली’ असेच विचारावे लागते. दुसरा, बिननावाची तात्पुरती फाइल मागणारा ओ_टीएमपीफाइल. २०१३ साली लिनक्स ३.११ मध्ये तो आला तेव्हा त्यात ओ_डिरेक्टरीचा बिट मुद्दाम मिसळला होता, म्हणजे जुन्या कर्नलवर ही मागणी गुपचूप भलतीच फाइल न उघडता चूक देऊन थांबेल. पण त्यामुळे ‘फ्लॅग & ओ_टीएमपीफाइल’ ही तपासणी साध्या ओ_डिरेक्टरीलाही खरी ठरते. पंपाच्या तीन फेजसारखेच, इथेही ‘== ओ_टीएमपीफाइल’ लागते.

युमास्क म्हणजे परवानग्यांतून वजाबाकी, असे शिकवले जाते. मग &= ~ कशाला? — कराड

६६६ (नव्या फाइलच्या मूळ परवानग्या, अष्टमान आकड्यांत) मधून ०२२ (युमास्क, म्हणजे काढून घ्यायच्या परवानग्या) वजा करा, ६४४ येते आणि उत्तर योगायोगाने बरोबर निघते. युमास्क ०३३ ठेवा. वजाबाकीने ६३३ येईल, म्हणजे गटाला आणि इतरांना लिहिण्याची व चालवण्याची परवानगी! खरा नियम ‘परवानगी & ~युमास्क’ हा आहे. ६ म्हणजे ११०, ३ म्हणजे ०११, त्याचे उलट १००, दोघांचे & १००, म्हणजे ४. उत्तर ६४४. जो बिट मुळात नाही तो काढता येत नाही. वजाबाकी मात्र शेजारच्या बिटकडून उसने घेते.

बेरजेचेही तेच. फ्लॅग लावायला | ऐवजी + वापरला आणि तो आधीच लागलेला असेल तर ८ + ८ = १६ होते: पाणी_आहे पुसला जातो आणि ओव्हरलोड लागतो.

फ्लॅग बत्तिसाच्या पुढे गेले म्हणून युइंट६४_टी घेतला. जुन्या कोडमध्ये सगळीकडे ‘१ << ३’ होते, ते एका लेखात वाचून ‘१यू << ३’ केले. आता कोणताही खालचा फ्लॅग काढला की ३२ च्या वरचे सगळे फ्लॅग एकदम जातात. जुना कोड परत आणला तर ठीक चालतो. — ठाणे

लेखातला सल्ला चुकीचा नाही, तो तुमच्या ६४ बिटांना अपुरा आहे. १यू हा ३२ बिटांचा बिनचिन्ह आकडा. ~(१यू << ३) हेही ३२ बिटांतच होते आणि उत्तर येते ०एक्सएफएफएफएफएफएफएफ७. त्यानंतर ते ६४ बिटांत नेले जाते तेव्हा वरच्या ३२ जागी शून्ये भरली जातात. मग &= केल्यावर वरचा अर्धा भाग साफ होणारच.

जुना कोड का चालत होता? नुसता १ हा चिन्हसहित इंट. ~(१ << ३) म्हणजे -९. ऋण आकडा ६४ बिटांत नेताना वर एक भरले जातात, म्हणून वरचे फ्लॅग वाचत होते. तो आधार ३१ व्या बिटाशी तुटतो: ३२ बिटांच्या इंटमध्ये ‘१ << ३१’ चे उत्तर मावत नाही आणि सीच्या मानकानुसार त्याचे वर्तन अनिश्चित आहे. ‘१ << ४०’ तर सरळच चूक, मग उजवीकडे ६४ बिटांचे व्हेरिएबल का असेना. शिफ्टचा आकार डावीकडच्या आकड्यावरून ठरतो, उत्तर कुठे ठेवणार त्यावरून नाही. त्याच ओळीचे उत्तर इंटेलच्या प्रोसेसरवर एक आणि ३२ बिटांच्या एआरएमवर दुसरे येऊ शकते, कारण इंटेल शिफ्टच्या आकड्याचे खालचे पाचच बिट पाहतो.

एकच मॅक्रो करा आणि सगळे फ्लॅग त्यातूनच काढा:

#डिफाइन बिट६४(न) ((युइंट६४_टी)१ << (न))

एनममध्ये फ्लॅग लिहिणाऱ्यांसाठी: सी२३ च्या आधीच्या मानकांत एनमचे स्थिरांक इंटमध्येच बसावे लागतात. ३१ वा किंवा पुढचा बिट हवा असेल तर मॅक्रोच बरा.

याच कुळातली आणखी एक चूक लहान प्रकारांत होते. युइंट८_टी प्रकारच्या मास्कमध्ये ०एक्स०एफ असेल तर ‘~मास्क == ०एक्सएफ०’ खोटे येते, कारण ~ लावण्याआधी मास्क इंट होतो आणि उत्तर वर चोवीस एक घेऊन येते. ‘(युइंट८_टी)~मास्क’ असे परत कापून घ्या.

एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलरवर पाण्याचे दोन फ्लो मीटर सहाव्या आणि आठव्या पिनवर जोडले आहेत. दोन्हींचे पल्स एकाच इंटरप्टमध्ये मोजतो. एकटा मीटर अचूक चालतो, दोन्ही एकदम चालू केले की मोजणी कमी येते. फ्लॅग पुसायला ‘एक्स्टी->पीआर |= (१यू << ६)’ लिहिले आहे. — छत्रपती संभाजीनगर

हा प्रश्न नीट उलगडून पाहण्यासारखा आहे, कारण इथे | शिकलो तसा वागत नाही. पाच ते नऊ क्रमांकाच्या ओळींना या चिपमध्ये एकच इंटरप्ट (चालू काम थांबवून धावणारे फंक्शन) आहे, तो ठीक. पण पीआर, म्हणजे आलेल्या पण न पुसलेल्या इंटरप्टच्या खुणा ठेवणारे रजिस्टर, साध्या मेमरीसारखे नाही. त्यात एखाद्या बिटवर १ लिहिले की तो पुसला जातो, ० लिहिले तर काहीच होत नाही. आता |= काय करते बघा. आधी वाचते: सहावा आणि आठवा दोन्ही १ आहेत. सहाव्यावर १ मिळवते, तो होताच. मग दोन्ही १ परत लिहिते, आणि आठव्याचा पल्स तुम्ही मोजण्याआधीच पुसला जातो. शेजारचा बिट ‘होता तसा ठेवायचा’ म्हणून लिहिलेली १ हीच त्याला पुसण्याची आज्ञा ठरते.

इथे वाचायचेच नाही, सरळ द्यायचे:

एक्स्टी->पीआर = (१यू << ६);

इंटरप्टमध्ये सहावा तपासा, असेल तर तेवढाच पुसून मोजणी वाढवा. मग आठवा तसाच, वेगळ्या ‘इफ’मध्ये. ‘एल्स इफ’ कशाला? दोन्ही एकदम आले तर एकाच फेरीत उरकतात. पुसायचे काम सुरुवातीला करा, शेवटी नको. अगदी शेवटच्या ओळीत पुसले तर ते लिखाण पोहोचण्याआधी इंटरप्ट संपतो आणि लगेच एकदा पुन्हा लागू शकतो. शिवाय मोजणी चालू असताना आलेला नवा पल्सही शेवटच्या पुसण्यात हरवतो.

याच चिपमधल्या टाइमरचे एसआर रजिस्टर नेमके उलटे आहे: तिथे ० लिहिल्यावर बिट पुसला जातो आणि १ ला अर्थ नाही. म्हणून लोक ‘टिम२->एसआर &= ~टिम_एसआर_यूआयएफ’ लिहितात, आणि ते बहुतेक वेळा चालतेही. वाचणे आणि लिहिणे यांच्या मधल्या क्षणी दुसरा एखादा फ्लॅग लागला, तर वाचलेल्या किमतीत तिथे ० होता, तोच परत लिहिला जातो आणि नवा फ्लॅग हरवतो. ‘टिम२->एसआर = ~टिम_एसआर_यूआयएफ’ लिहा. एसटी कंपनीच्या स्वतःच्या एलएल ड्रायव्हरमध्येही असेच आहे. प्रत्येक रजिस्टरखाली संदर्भ पुस्तिकेत ‘आरसी_डब्ल्यू१’ किंवा ‘आरसी_डब्ल्यू०’ अशी खूण असते, म्हणजे १ लिहून किंवा ० लिहून पुसला जाणारा बिट. ती पाहिल्याशिवाय त्या रजिस्टरवर |= किंवा &= लिहू नये, इतके हे महत्त्वाचे आहे.

पिन चालू-बंद करताना ओडीआर या आउटपुट रजिस्टरवर |= वापरत असाल तर तेही सोडा. बीएसआरआर या दुसऱ्या रजिस्टरच्या खालच्या १६ बिटांत १ लिहिला की ती पिन वर जाते, वरच्या १६ मध्ये लिहिला की खाली येते. तेराव्या पिनसाठी ‘१यू << १३’ आणि ‘१यू << २९’. वाचायची गरजच नाही, म्हणून मध्ये इंटरप्ट घुसण्याची भीतीही नाही.

इंटरप्ट आणि मेन दोघेही ‘घटना |= …’ करतात. व्हेरिएबल व्होलटाइल आहे, तरी क्वचित एखादी घटना गायब होते. — याच वाचकाचा पुढचा प्रश्न

व्होलटाइल फक्त इतके सांगतो की दर वेळी मेमरीतून वाच आणि मेमरीत लिही. वाचणे, | करणे आणि लिहिणे या तीन पायऱ्या एकसंध होतील असे तो सांगत नाही. मेनने जुनी किंमत वाचली, इंटरप्टने आपला बिट लावला, मेनने जुन्या किमतीवरून बनवलेले उत्तर लिहिले, आणि इंटरप्टचा बिट गेला.

तुमच्या कॉर्टेक्स-एम३ वर सी११ चे अ‍ॅटॉमिक_फेच_ऑर आणि अ‍ॅटॉमिक_फेच_अँड वापरता येतात. कंपाइलर त्यातून एलडीआरईएक्स-एसटीआरईएक्सची जोडी बनवतो आणि मध्ये कोणी आले तर पुन्हा प्रयत्न करतो. कॉर्टेक्स-एम० वर या सूचना नाहीत. तिथे प्रायमास्क (इंटरप्ट चालू-बंद ठेवणारे रजिस्टर) वाचून ठेवा, इंटरप्ट बंद करा, बदल करा, आणि प्रायमास्क होता तसाच परत ठेवा. आंधळेपणाने इंटरप्ट चालू केले तर आधीच कोणी बंद केलेले असताना ते मध्येच उघडतात. पण आमचे मत विचाराल तर सर्वांत साधा मार्ग निवडा: प्रत्येक घटनेला स्वतंत्र बाइट. इंटरप्टने १ ठेवायचा. मेनने तो दिसताच आधी ० करायचा आणि मग काम करायचे. दोन बाइट वाचवण्यासाठी असा दुर्मीळ दोष विकत घेण्यात अर्थ नाही.

मास्कऐवजी स्ट्रक्टमध्ये बिट-फील्ड का वापरू नये? ‘स.पाणी = १’ किती सुटसुटीत दिसते! — पणजी

प्रोग्रामच्या आत, एकाच ठिकाणाहून बदलणाऱ्या फ्लॅगांना जरूर वापरा. प्रकार ‘अनसाइन्ड’ किंवा ‘बूल’ घ्या. ‘इंट पाणी : १’ लिहिलेत तर जीसीसीवर त्या एका बिटात ० आणि -१ एवढेच मावतात, आणि ‘स.पाणी == १’ कधीच खरे होत नाही.

फाइल, नेटवर्क किंवा हार्डवेअर रजिस्टरशी जुळवायचे असेल तिथे मात्र नको. पहिले फील्ड खालच्या टोकाला बसेल की वरच्या, हे मानक ठरवत नाही, कंपाइलर ठरवतो. फील्डचा पत्ता घेता येत नाही, आणि ‘हे चार आहेत आणि तो नाही’ असे एका तुलनेत विचारता येत नाही. शेजारची दोन फील्डे दोन थ्रेडनी बदलली तर मागच्या प्रश्नातलीच शर्यत लागते. सुटसुटीत दिसणाऱ्या ओळीआड तेच वाचणे-बदलणे-लिहिणे असते, फक्त ते दिसत नाही.

^= ने फ्लॅग बंद केला तर काय हरकत? — जळगाव

तो आधीच बंद असेल तर चालू होईल. ^= फक्त ‘असेल त्याच्या उलट’ यासाठी, जसे लुकलुकणारा दिवा. बंदसाठी &= ~. आणि ~ च्या जागी चुकून ! लिहू नका: !मास्क म्हणजे ०, त्यामुळे ‘&= !मास्क’ सगळेच पुसते.

डीबग करताना ४३ असा आकडा दिसतो, त्यातून फ्लॅग ओळखायला वेळ जातो. — नागपूर

जीडीबी या डीबगरमध्ये ‘पी/टी’ लिहिले की बिट दिसतात, ‘पी/एक्स’ लिहिले की हेक्स. हेक्सचा एक अंक म्हणजे चार बिट, म्हणून ४३ हे २बी, म्हणजे ००१० १०११: पंपाच्या भाषेत आर, वाय, पाणी, ऑटो. फ्लॅग एनममध्ये असतील आणि व्हेरिएबल त्याच एनम प्रकारचे असेल, तर जीडीबी नावे | ने जोडूनच दाखवतो. एवढ्या एका कारणासाठीही एनम घ्यावा.

पंपाच्या सेटिंगचे फ्लॅग एव्हीआर चिपच्या ईईप्रॉममध्ये एका बाइटमध्ये ठेवतो. नवीन बोर्डला पहिल्यांदा वीज दिली की ऑटो आपोआप चालू असतो. — सोलापूर

कोऱ्या ईईप्रॉममधला (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतला) प्रत्येक बाइट ०एक्सएफएफ वाचला जातो, म्हणजे तुमचे सगळे फ्लॅग चालू. मोटरच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. सेटिंगच्या बाइटशेजारी त्याचाच उलटा बाइट, म्हणजे (युइंट८_टी)~सेटिंग, ठेवा. वाचताना दोघांचे ^ बरोबर ०एक्सएफएफ आले तरच सेटिंग माना, नाही तर सगळे फ्लॅग ० धरा. कोऱ्या चिपवर दोन्ही एफएफ असतात, त्यांचे ^ ० येते, आणि ती पकडली जाते. लिहिताना मध्येच वीज गेली, जे शेतावर नेहमीचेच आहे, तर तेही पकडले जाते.

न वापरलेले बिट लिहिताना ० ठेवा, आणि वाचताना ‘(सेटिंग & ~माहीत_असलेले) != ०’ आले तर सेटिंग नाकारा. लिनक्सच्या ओपनने अनोळखी फ्लॅगांकडे वर्षानुवर्षे काणाडोळा केला. त्यामुळे नवा फ्लॅग आणताना ओ_टीएमपीफाइलसारख्या युक्त्या कराव्या लागल्या, आणि अखेर लिनक्स ५.६ मध्ये अनोळखी बिटला चूक देणारे ओपनअ‍ॅट२ वेगळे आणावे लागले. तुमच्या एका बाइटमध्ये ही तपासणी आजच बसवली, तर पुढच्या आवृत्तीत सातवा फ्लॅग आला तरी जुना बोर्ड त्याचा भलता अर्थ लावणार नाही.

आणि ऑटोचा बिट उलट अर्थाचा करून ‘ऑटो_बंद’ ठेवावा का, असे तुम्ही पत्रात विचारले आहे. तसे करू नका. कोऱ्या चिपवर तो सोयीचा ठरेल, पण वर सांगितल्याप्रमाणे बिघडलेले सेटिंग ० धरले की ऑटो चालू होईल. शून्य हीच सुरक्षित स्थिती राहील अशी नावे निवडा: ऑटो ० म्हणजे मोटर हातानेच सुरू होणार.